प्रांजलीच्या स्कॉलरशिपचा तपास

५ जानेवारी

पतपेढीची नवी डायरी मिळाली. मागच्या वर्षीची मी जुलैपर्यंत लिहिली आणि सोडली. यंदा सुरुवातीलाच लिहिण्यासारखं काहीतरी निघालंय.

आगरदांड्याच्या जेट्टीवर तिकीट खिडकीत बसून मला एकवीस वर्षं झाली. समोरून येणारा माणूस तिकीट काढणार की गर्दीतून तसाच बोटीत घुसणार, हे मला त्याच्या चालण्यावरून कळतं. घुसणारा खिडकीकडे बघत नाही. तो खाडीकडे बघतो, जसं काही आयुष्यात पहिल्यांदाच पाणी बघतोय. असे रोज दोन-तीन तरी मी पकडतो. माझी बायको कमळ म्हणते की घरातसुद्धा तुम्ही सगळ्यांकडे तसेच बघता. बघत असेन.

आज दुपारी प्रांजलीचा फोन आला. आमची एकुलती एक. म्हसळ्याला फार्मसीच्या डिप्लोमाचं दुसरं वर्ष चालू आहे, तिथेच तिघी मुलींनी मिळून खोली घेतली आहे. म्हणाली, "पप्पा, स्कॉलरशिप अजून आली नाही आणि कॉलेज फी मागतंय." फॉर्म तिने सप्टेंबरातच भरलाय. मी म्हटलं, सरकारी काम आहे, येईल. ती "हो" म्हणाली, पण त्याआधी जरा थांबली. का थांबली, ते मी विचारलं नाही. नोंद करून ठेवतो.

१५ जानेवारी

परवा जेट्टीवरच्या आम्हा सगळ्यांना पोलिसांनी ऑनलाइन फसवणुकीवर भाषण दिलं. बँकेच्या नावाने मेसेज आला तर उघडू नका, ओटीपी घरच्यांनासुद्धा सांगू नका. बाकीच्यांनी ते चहा मिळेपर्यंत ऐकलं, मी नीट ऐकलं.

आणि काल लगेच एक मेसेज आला. इंग्रजीत, कुठल्यातरी बँकेचा. माझं त्या बँकेत खातंच नाही, आणि हे म्हणतात पैसे जमा झाले. फुकटचे पैसे या जगात कोण कुणाला देतो? पुढचं वाचलंही नाही, तो नंबर ब्लॉक करून टाकला. माझ्यासारख्याला गंडवायचं म्हणजे त्यांना जरा जास्त अभ्यास करावा लागेल.

२२ जानेवारी

आज रजा टाकून म्हसळ्याला गेलो. दिघीपर्यंत आपलीच बोट, पुढे एसटी. कॉलेजच्या ऑफिसात स्कॉलरशिपचं काम बघणाऱ्या बाई आहेत, रचना मॅडम. मनात धरून गेलो होतो की इथेच पाणी मुरतंय. कारण प्रांजलीच्याच वर्गातल्या शिवानीची स्कॉलरशिप येऊन आठवडा झाला. एकीची येते, दुसरीची येत नाही, हे कसं?

मॅडमनी नाव विचारलं, कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं आणि पडदाच माझ्याकडे वळवला. "तुमच्या मुलीचे पैसे चौदा तारखेला गेलेत. थेट तिच्या खात्यात. आता ती फी तिने कॉलेजला भरायची असते. पंचवीस फेब्रुवारीला परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख. फी नसेल तर फॉर्म घेतला जाणार नाही."

मी म्हटलं, "मुलगी म्हणते आले नाहीत."

"मग मुलीला विचारा," मॅडम म्हणाल्या, आणि पुढच्या पोराचा कागद हातात घेतला.

चेहरे एकवीस वर्षं बघतोय मी. ती बाई खोटं बोलत नव्हती. मग खोटं कोण बोलतंय?

खोलीवर गेलो तर प्रांजली नव्हती. साडेचार वाजले होते. कॉलेज चारला सुटतं. तिची मैत्रीण सई दारातच उभी राहून म्हणाली, "लायब्ररीत गेलीय, काका." आत या म्हणाली नाही, आणि बोलताना माझ्याकडे न बघता माझ्या मागच्या भिंतीकडे बघत होती. मी कॉलेजची लायब्ररी येताना बघितली होती. तिला कुलूप होतं.

२३ जानेवारी

कमळला सगळं सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. थापतच राहिली. म्हणाली, "पोरीवर असला संशय नका घेऊ."

मी म्हटलं, "तुला काही ठाऊक हाय काय?"

"मला काय ठाव असनार?"

कमळ सरळ उत्तर देणारी बाई आहे. प्रश्नाला प्रश्नाने उत्तर ती देत नाही. आज दिलं.

संध्याकाळी प्रांजलीचा फोन. मी खोलीवर येऊन गेलो हे सईने तिला सांगितलेलं असणारच, पण तो विषय तिने काढला नाही. म्हणाली, "पप्पा, आत्ता तुमच्या फोनवर सहा आकडे येतील. माझ्या आधारला तुमचा नंबर आहे ना. तेवढे मला सांगा. कुठल्या खात्याला आधार जोडलंय ते बघायचंय."

आकडे आले. मी सांगितले नाहीत. पोलिसांनी स्पष्ट सांगितलंय, घरच्यांनासुद्धा नाही. आणि ज्या मुलीचे पैसे गायब आहेत, तिलाच नेमके आकडे कशाला हवेत? ती दोनदा म्हणाली, "अहो पप्पा, मी आहे, प्रांजली." मी म्हटलं, आवाज कुणीही काढू शकतं. खरं तर तिचाच आवाज होता, मला काय कळत नाही? पण तसं म्हणून टाकलं. आकडे पुरावा म्हणून फोनमध्ये तसेच ठेवलेत.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर बुद्धविहारात आमच्या मंडळाची बैठक. गावशाखेच्या अध्यक्षांनी विचारलं, प्रांजलीचं काय चाललंय, फीची अडचण आहे असं ऐकलं, मंडळाकडून काही बघायचं का? गावातली फार्मसी शिकणारी ती पहिलीच, म्हणून सगळ्यांना कौतुक. मी म्हटलं, नको, होतंय. सगळ्या लेकराबाळांच्या वर्गणीचे पैसे. उद्या कळलं की पोरीने आधीचेच पैसे खाल्लेत, तर विहारात बसायला मला जागा राहील का? तिसऱ्या रांगेत बसलो होतो, आणि मान वर करून बोललो नाही. असं माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

१ फेब्रुवारी

काल प्रांजली घरी आली. आईसाठी प्रेशरच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या घेऊन आली. आई म्हणजे माझी आई, भागुबाई. ती म्हणाली, "नातीनं आनल्या माजं औषिद," आणि गावभर दाखवून आली. मी विचारलं, पैसे कुठले? प्रांजली म्हणाली, "होते माझ्याकडे." होते म्हणजे कुठून होते?

आज सकाळी ती आजीला अंघोळीचं पाणी काढून देत होती तेव्हा मी तिची पिशवी बघितली. लिहायला लाज वाटते, पण जे केलं ते लिहिलं पाहिजे. आत पासबुक. शेवटची नोंद डिसेंबरची, शिल्लक तीनशे बारा. म्हणजे जानेवारीत काय झालं ते त्यात नाही. आणि पासबुकात एक चिठ्ठी. "सिद्धेश, ४ ते ८. रविवार सुट्टी."

कोण हा सिद्धेश? रोज चार तास? इतका वेळ बोलायला काय असतं?

जेवताना सरळ विचारलं. चिठ्ठीचं नाही, पैशांचं. म्हटलं, कॉलेज म्हणतंय पैसे तुझ्या खात्यात आलेत. ती म्हणाली, "नाही आले पप्पा. खातं रिकामं आहे. मी मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, आधारला जोडलेल्या खात्यात जातात. मी तर एकच खातं वापरते. म्हणून तर तुमच्याकडे ते आकडे मागत होते."

एका प्रश्नाला चार उत्तरं. बिनतिकीट माणूसही असाच बोलतो. तिकीट कुठे म्हटलं की तो आधी मामाचं गाव सांगतो.

मी म्हटलं, "बरं." कमळने माझ्या ताटात न विचारता भात वाढला आणि जोरात वाढला.

९ फेब्रुवारी

आज न सांगता पुन्हा म्हसळ्याला. चार वाजता कॉलेजच्या फाटकासमोर उभा राहिलो. प्रांजली एकटीच बाहेर आली आणि भराभर बाजाराकडे निघाली. मी मागे. एका मेडिकलच्या दुकानात शिरली. मी समोरच्या हॉटेलात बाकड्यावर बसलो आणि चहा सांगितला.

ती काउंटरच्या आत गेली आणि पांढरा कोट घालून उभी राहिली. दुकानाच्या मालकाला गिऱ्हाईकाने हाक मारली, "सिद्धेशशेठ." पन्नाशीचा माणूस, टक्कल पडलेलं, चष्मा कपाळावर. मी ज्या सिद्धेशला आठ दिवस मनातल्या मनात बदडत होतो, त्याला डोक्यावर केस होते.

एक म्हातारी मुसलमान बाई औषध घ्यायला आली. प्रांजलीने तिला एकेक गोळी दाखवली. सकाळची कुठली, संध्याकाळची कुठली. म्हातारीला नीट कळलं नसावं, तर तिने पाकिटावर पेनाने सूर्य आणि चंद्र काढून दिले. मला बरं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं. हॉटेलवाला बघत होता म्हणून चहा भरभर प्यायलो.

पण परतीच्या एसटीत डोकं चालायला लागलं. ज्याच्या खात्यात पैसे आहेत तो चार तास उभा राहून काम कशाला करील? म्हणजे पैसे आले होते, खर्च झाले, आणि आता ही गुपचूप भरून काढतेय. सगळं बरोबर जुळतं. दिघीला उतरेपर्यंत मला यात एकही भोक सापडलं नाही.

१२ फेब्रुवारी

फोन केला. अगदी शांतपणे म्हटलं, "प्रांजली, पैसे कशात घालवलेस ते फक्त सांग. मी ओरडणार नाही. दुकानात काम करतेस तेही मला माहीत आहे. मी बघून आलोय."

ती म्हणाली, "तुम्ही आला होतात? आणि हाक नाही मारलीत?"

मी म्हटलं, विषय बदलू नको.

"तुम्हाला मी चोर वाटते का पप्पा?"

"मी तसं म्हटलं नाही. मी विचारतोय."

"ठीक आहे," ती म्हणाली. "मग मी यंदा परीक्षेचा फॉर्मच भरत नाही. सिद्धेशशेठ पूर्ण दिवस ठेवून घेतील. वर्षभर काम करते, स्वतःच्या पैशाने फी भरते आणि पुढच्या वर्षी बसते. तोवर तुम्ही शोधा कुठे गेले ते."

फोन ठेवला. पुन्हा केला तर उचलला नाही. रात्री जेवण गेलं नाही.

१३ फेब्रुवारी

कमळने आज तोंड उघडलं. प्रांजली नोव्हेंबरपासून दुकानात जाते. खोलीभाड्याचे पैसे तेव्हा माझ्याकडे मागितले होते, मी म्हटलं होतं, स्कॉलरशिप आली की दे, तोवर घरमालकिणीला थांबायला सांग. घरमालकीण थांबली नाही. मुलीने काम धरलं आणि आईला शपथ घातली, पप्पांना सांगू नको, ते दहा प्रश्न विचारतील.

"मग तू मला सांगायला नको होतंस काय?"

"तुमी ऐकता काय?" कमळ म्हणाली. "तुमी खालीपीली तपासता."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. चहा देते, पण ठेवून जाते. फॉर्मची शेवटची तारीख बारा दिवसांवर.

२० फेब्रुवारी

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

दुपारच्या बोटीनंतर खिडकीशी सम्यक आला. तळा गावचा मुलगा, तिशीतला, एका बँकेचा एजंट. मागच्या दिवाळीत चार दिवस त्याने माझ्या खिडकीच्या आडोशाला मोठी छत्री लावून लोकांची खाती उघडली होती. पाच मिनिटांत खातं, फक्त अंगठा लावायचा. त्याचा कोटा भरत नव्हता, बायको बाळंतपणाला गेलेली, चेहरा रडवेला. आपला पोरगा म्हणून मी त्याला घरी जेवायला नेला आणि जेवण झाल्यावर घरातल्या तिघींचे अंगठे लावून दिले. आईचा, कमळचा, प्रांजलीचा. तिला सुट्टी होती, ती घरीच होती. खात्यांना फोन नंबर माझा. आज त्याला सावलीला पुन्हा जागा हवी होती.

बोलता बोलता म्हणाला, "काका, तिन्ही खाती चालू आहेत ना? ताईच्या खात्यात तर स्कॉलरशिपपण येत असेल आता."

मी म्हटलं, "ती का येईल? तिचं खातं म्हसळ्याला आहे."

"अहो, त्या दिवशी आधार आमच्या बँकेला जोडलं ना. सरकारी पैसे शेवटी जिथे आधार जोडलं तिथेच जातात. थांबा, मी बघून देतो. तुमच्या फोनवर ओटीपी येईल, तो सांगा."

मी म्हटलं, ओटीपी मी कुणाला सांगत नाही. मग त्याने मला माझं मला कसं बघायचं ते शिकवलं. ब्लॉक केलेले मेसेज फोन एका वेगळ्या जागी साठवून ठेवतो, हे मला माहीत नव्हतं. तिथे चौदा जानेवारीचा तो मेसेज होता. सम्यकने वाचून दाखवला. प्रांजलीचं नाव, प्रांजलीचं खातं, रक्कम पूर्ण. एक पैसा हललेला नाही.

अंगठा लावताना तिने विचारलं होतं, "पप्पा, हे कशाला? माझं खातं आहे." मी म्हटलं होतं, "मी सांगतोय ना." तिने हात धुतला, ओढणीला पुसला आणि अंगठा लावला. एवढं मला आज लख्ख आठवलं. त्या दिवसापासून आजपर्यंत एकदाही आठवलं नव्हतं.

तीनच्या बोटीला दोन माणसं बिनतिकीट गेली. दिसली मला. उठलो नाही.

२३ फेब्रुवारी

तीन दिवस झाले आणि मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. कमळलासुद्धा नाही. कारण काय? प्रांजली फोन उचलत नाही हे एक. पण मेसेज करता आला असता. मी तीन दिवस बसून असं वाक्य जुळवत होतो ज्यात चूक सम्यकची निघेल, किंवा बँकेची, किंवा कॉलेजची. आणि प्रत्येक वेळी वाक्याच्या शेवटी मीच उभा राहायचो. उद्या जातो. सम्यकला मशीन घेऊन म्हसळ्याला बोलावलंय.

२४ फेब्रुवारी

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. मी त्यांच्यामागे उभा राहिलो. प्रांजलीने मला बघितलं, पण आधी त्यांची औषधं दिली. मग म्हणाली, "काय हवंय?"

मी सगळं सांगितलं. जुळवलेलं एकही वाक्य तोंडातून आलं नाही. तिने ऐकून घेतलं. ती रडली नाही, चिडलीही नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. फक्त विचारलं, "कधी कळलं तुम्हाला?"

"शुक्रवारी."

"आज मंगळवार आहे. उद्या शेवटची तारीख."

सिद्धेशशेठ मध्ये म्हणाले, "जा पोरी, मी बघतो काउंटर." आणि मला म्हणाले, "साहेब, नशीबवान आहात. हिशेबाला हिच्यासारखं चोख माणूस मला वीस वर्षांत मिळालं नाही." मी मान हलवली. दुसरं काय करणार?

सम्यकच्या मशीनवर तिने अंगठा लावला आणि पैसे तिच्या खात्यात वळवले. कॉलेजात रचना मॅडमनी फी घेतली, फॉर्म घेतला. म्हणाल्या, "या वर्षी असे सात जण. दर वेळी घरातल्याच कुणीतरी दुसरं खातं उघडलेलं असतं."

मी म्हटलं, "मॅडम, हे त्या दिवशीच सांगायला हवं होतंत."

"तुम्ही खात्याचं विचारलंत कुठे? तुम्ही मुलीचं विचारायला आला होतात."

बाहेर आल्यावर प्रांजली म्हणाली, आधार केंद्र साडेपाचपर्यंत उघडं असतं. तिथे गेलो. तिने आधारवरचा माझा नंबर काढून स्वतःचा घातला. फॉर्मवर सही करताना माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, "बरं केलंस." म्हटलं, "प्रांजली, मी चुकलो." ती म्हणाली, "हं. तुमची बोट चुकेल."

घरी येऊन कमळला सांगितलं. तिने ऐकलं आणि आईच्या खोलीत जाऊन झोपली.

८ मार्च

प्रांजली दोन दिवस घरी येऊन गेली. आजीशी हसली, आईबरोबर वाल सोलत बसली. माझ्याशीही बोलली. जे विचारलं त्याचं उत्तर दिलं. जास्त नाही, कमी नाही. परीक्षा मे महिन्यात. दुकान सोडणार नाही म्हणाली. मी का म्हणून विचारलं नाही.

आज सकाळी मी लवकर कामावर आलो. नऊच्या बोटीला गर्दी होती. मी खाली बघत तिकिटं फाडत होतो. एक हात आत आला, शंभराची नोट.

"दिघी. एक."

वर बघितलं तर प्रांजली. पाठीवर पिशवी, मागे दहा-बारा माणसं. जेट्टीवरच्या लोकांच्या घरच्यांना बोटीवर कधी कुणी तिकीट विचारत नाही. लहानपणापासून ती अशीच येते-जाते. बोटीवरची पोरं तिला ताई म्हणतात. मी हळूच म्हटलं, "तू कशाला काढतेस? जा तशीच."

"नको पप्पा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तिकीट असलेलं बरं. कुणी विचारलं तर दाखवता येतं."

मागून कुणीतरी म्हणालं, "चला ओ, बोट सुटंल." मी तिकीट फाडून दिलं आणि सुटे परत केले. तिने ते तिथेच, माझ्यासमोर मोजून घेतले आणि बोटीकडे गेली.